कुलरजवळची खुर्ची

भाऊजी गेल्याची बातमी मला कोणी सांगितली नाही. ती मीच सगळ्यांना सांगितली. सकाळी त्यांच्यासाठी भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन गेले, तर ते खिडकीपाशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले. बाजूच्या स्टुलावर अर्धा प्यालेला चहा, मांडीवर उघडं शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, डोळ्यांवर चष्मा, आणि बोट ओळीवर. मी म्हटलं, "भाऊजी, भाकर गरम हाय, उठा." पुन्हा म्हटलं. मग खांद्याला हात लावला आणि कळलं... हे मी इतकं बारीकसारीक का लिहून ठेवतेय, ते पुढं येईलच. माणूस कुठं गेला, कसा गेला, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं सांगावं, असं मला आपलं वाटतं. अमरावतीतल्या त्या खोलीत त्या सकाळी पाहणारी मी एकटीच होते.

शांतवन इंगळे हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई लवकर गेली, तेव्हा त्यांची एकुलती एक लेक नम्रता पाचवीत होती. मी लग्न केलं नव्हतं, पोस्टाच्या खिडकीत नोकरी करत होते आणि पलीकडच्याच गल्लीत राहत होते. तेव्हा नमूच्या वेण्या मी घातल्या आणि गणितं भाऊजींनी शिकवली, असा आमचा संसार चालला. भाऊजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दर्यापूर, पातूर, मूर्तिजापूर, अकोला, कुठलाही बाजार घ्या, ते दिसले की दुकानदार आपापले काटे पुसायला लागत. घरच्या बाजारातही तेच, आणि निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. भाजीवालीनं पारड्यात वांगी टाकायच्या आधी यांचा हात मधे. "थांब बाई. आधी रिकामा काटा पाहू दे." ती बिचारी कावून जायची. ताई होती तेव्हा तिला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अवो, पाच वांग्यांसाठी काय तपासनी लावली?" ती म्हणायची. भाऊजी शांतपणे काटा पाहायचे, मान डोलवायचे आणि मग भाव न करता वांगी घ्यायचे. भावाशी त्यांचं भांडण नव्हतंच कधी.

एकदा मी चिडून विचारलं होतं, की तुमी साऱ्या दुनियेचे काटे तपासता, तुमाले कोन तपासते? मला वाटलं, निरुत्तर होतील. उलट खूश झाले. म्हणाले, "बरोबर इचारलं. आमच्या हापिसातले पितळेचे वजनं हायेत ना, ते बी तपासाले जाते वरती. त्या वरच्याचे आनखी वरती. एस्तर, चुकनाऱ्याले भ्याचं नाई. ज्याले कोनीच तपासत नाई, त्याले भ्याचं."

देवळातही त्यांचं हेच. अमरावतीचं आमच्या ख्रिस्ती मंडळीचं दगडी देऊळ, तीन पिढ्यांपासूनचं. पाळकांनी उपदेशात एखादं वचन सांगितलं की सगळी मंडळी मान डोलवायची आणि भाऊजी पानं उलटायचे. ते वचन काढायचे, मग त्याच्या आधीचा अख्खा अध्याय वाचायचे, मग नंतरचा. तोवर उपदेश संपून दानाची थैली फिरत यायची. बाहेर पडताना दारातच पाळकांना गाठायचे. "पाळकसाहेब, तुमी सांगतलं ते लिहेल हाय, पन त्याच्या वरतं दुसरंच लिहेल हाय." किती पाळक त्यांना पाहून मागच्या दारानं गेले असतील, देवच जाणे! पण हा माणूस खवट नव्हता. एका रविवारी त्यांनी स्त्री-सभेत काहीतरी समजावून सांगितलं आणि मी घरी येऊन पाहिलं तर चक्क चुकीचं. मी दाखवलं. पुढच्या रविवारी सगळ्या बायांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मागल्या वेळी मी चुकलो, एस्तरबाईनं दाखवून देलं. बसले. एवढंच. आमच्या मंडळीत तसं म्हणणारा पुरुष मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि पुढं दुसरा काही पाहिला नाही.

या देवळाचं पुढं काय झालं ते लिहायला माझा हात उचलत नाही. दोन पंचकमिट्या झाल्या. दोघींचे दोन पाळक. आवाराची जागा मोक्याची, तिच्यावर डोळा कुणाकुणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक. एकीनं फाटकाला कुलूप लावलं, तर दुसरीनं त्याच्यावर आपलं कुलूप लावलं. कोर्टात तारखा. दर नाताळला पोलीस बंदोबस्तात गाणी. शांतीच्या राजाचा जन्म, आणि दारात लाठीवाला शिपाई! दोन्ही बाजूंची माणसं भाऊजींकडे यायची, तुमी जुने, तुमचा शब्द चालते, आमच्याकडून सही करा म्हणून. भाऊजी म्हणायचे, "तुमच्यातून एकानं जरी सांगतलं असतं का आमचं बी काही चुकलं, तर त्याच्याकडून केली असती." कोणी सांगितलं नाही. त्यांनी केली नाही. दोघांचेही शत्रू झाले.

अशा देवळात तरुण पोर कशाला थांबेल? नमू अकोल्याला बँकेत लागली होती, एकटी खोली करून राहत होती. तिथं कोणीतरी मैत्रीण तिला एका सभेत घेऊन गेली. शहराबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं मोठं टिनाचं शेड, त्यात गालिचा, रंगीत दिवे, ढोल-गिटार, भला मोठा पडदा. मी तिला दोष देत नाही, हे आधीच सांगते. तिथं दारात तिला नाव विचारलं गेलं, आजारी पडली तर दोघी तिघी डबा घेऊन आल्या. आमच्या देवळात तिला फक्त विचारलं जायचं, बाप कोणत्या कमिटीकडून हाय. पण त्या शेडचा जो कर्ता, कोटवाला, सुगंध मारून येणारा, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारा, तो स्वतःला प्रेषित म्हणवतो. आणि त्याला सगळे म्हणतात 'डॅडी'. नमूपेक्षा वयानं लहान आहे तो! पहिल्यांदा तिच्या तोंडून फोनवर ऐकलं, "डॅडींनी सांगतलं, डॅडींले प्रभूनं दाखवलं," तेव्हा माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. हिचा बाप शेजारच्या खोलीत उडदाची डाळ निवडत बसलेला, आणि ही कोण्या पोरसवद्याला डॅडी म्हणते. मी फोन ठेवून मोरीत जाऊन चूळ भरली.

भाऊजी मात्र रागावले नाहीत. म्हणाले, जेवाले बोलाव त्याले, पाहू तर. नमूच्या अकोल्याच्या खोलीवर मी स्वतः स्वयंपाक केला. वडा-भात, कढी, पुरणाची पोळी. स्वारी दोन चेल्यांना घेऊन आली. चेल्यांनी त्याच्यासाठी खुर्चीवर चादर घातली. माझ्या भाचीच्या घरात, माझ्यासमोर! तो बोलत राहिला, देवानं आज मला हे दाखवलं, काल ते दाखवलं. भाऊजी ऐकत राहिले. मग अगदी प्रेमानं, दुकानदाराला विचारायचे तसं विचारलं, "साहेब, तुमाले तपासते कोन?"

"मतलब?"

"म्हंजे तुमच्याकडून चूक झाली, तर तुमचा कान कोन धरते?"

तो हसला. म्हणाला, मी डायरेक्ट परमेश्वराला उत्तर देतो, बीच में कोई नहीं. भाऊजी म्हणाले, "थेट देवाकडूनच पास होऊन आलेला काटा मी काही नोकरीत पाह्यला नाई बाप्पा." बस, एवढंच बोलणं. तो ताटावरून उठला. वाढलेलं ताट तसंच टाकून गेला, चेलेही गेले. नमू रडत त्यांच्या मागं जिना उतरली. मी त्या पुरणपोळ्या खालच्या वॉचमनच्या घरी दिल्या. अन्नाला पाठ दाखवणारा देवाचा माणूस कसा असतो, हे तरी मला कोणी शास्त्रात दाखवावं.

पुढच्या रविवारी मंचावरून जाहीर झालं, की एका बहिणीच्या बापात अडवणारा आत्मा आहे. तो बाप जोवर शरण येत नाही, तोवर त्या बहिणीनं त्याच्याशी बोलू नये, घरी जाऊ नये. नाव घेतलं नाही, पण शेडभर माना वळल्या. आणि माझी नमू, बँकेत मोठमोठ्या माणसांच्या कागदावरची चूक पकडणारी पोरगी, तिनं ते ऐकलं! फोन बंद. दिवाळीला नाही, नाताळला नाही, उन्हाळा लागला तरी नाही. मी तर पेटून उठले. भाऊजींना म्हटलं, "बाप हाय ना तुमी? जा, दोन ठेवून द्या कानाखाली, अन् ओढून आना तिले."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "मी ओढून आनली तर ते माह्यं आयकन, एस्तर. आता त्याचं आयकते, मंग माह्यं आयकन. तिचं स्वतःचं काय मंग? काटा तिच्याच हातात राह्यला पाह्यजे."

मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लेक विहिरीत पडली तर बाप तिला पोहायचा विचार कर म्हणून सांगतो का? पण भाऊजींनी आपल्या परीनं काय केलं ते बघा. पुढच्या रविवारपासून ते अकोल्याला त्या शेडमध्ये जायला लागले. सकाळी एसटीनं निघायचे, पिशवीत शास्त्र, पाण्याची बाटली आणि माझ्या हातच्या दोन पोळ्या. गेल्या उन्हाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत, एकही रविवार चुकवला नाही. गंमत अशी, की त्याच जिनिंगचा मोठा काटा त्यांनी नोकरीत असताना तपासला होता. फाटकाजवळ तो अजून गंजत पडलाय, म्हणायचे. आत जाऊन शेवटच्या रांगेत बसायचे, नमू पहिल्या रांगेत. ती बोलायची नाही, हेही बोलायचे नाहीत. सभा संपली की तिला चेल्यांच्या बाया घेरून न्यायच्या आणि हे परत एसटीनं घरी.

घरी यायचे तेव्हा सदऱ्याच्या उजव्या बाहीवर आणि खांद्यावर पाणी वाळल्याचे डाग. मी विचारलं तर म्हणे, "कुलरजवळ बसतो, पानी उडते." मी म्हटलं, खोकला झालाय तुमाले, दुसरी खुर्ची नाही का त्या एवढ्या शेडात? "हायेत ना. पन तिथून बरं दिसते." मी म्हटलं, काय बरं दिसते? त्या बहुरूप्याचे नाच? तर हसून सदरा बदलायला गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, म्हातारपणी याही माणसाला त्या दिव्यांची भूल पडली.

आणि तसंच सगळ्यांना वाटावं, अशी सोय त्या प्रेषितानं केली. एका रविवारी त्यानं मंचावरून बोट दाखवलं, "देखो, जो विरोध करता था, वो आज झुक गया!" टाळ्या. त्याचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आला. त्यात भाऊजी दिसतात, मान खाली. झुकलेले वगैरे काही नाहीत, मांडीवरचं पुस्तक वाचतायत! त्यानं सांगितलेल्या वचनाच्या मागचं पुढचं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, उद्या जाऊन सांगा सगळ्यांसमोर, मी झुकलो नाही म्हणून. भाऊजी म्हणाले, "मंग ते मले फाटकातून आत सोडतीन का?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकीसोबत एका छपराखाली बसायला मिळतं म्हणून या माणसानं स्वतःची अब्रू तिथल्या गालिच्यावर टाकली होती. इतकी वर्षं कोणाचं खोटं वजन खपवून न घेणारा माणूस, स्वतःबद्दलचं एवढं मोठं खोटं गिळून दर रविवारी एसटीत चढत होता.

मेअखेरीस छातीत दुखायला लागलं. इथल्याच दवाखान्यात भरती केलं, नाकात नळ्या घातल्या. मी नमूला निरोप धाडला, तिनं तिकडच्या ग्रुपवर प्रार्थनेसाठी टाकलं, पण आली नाही. डॅडींनी थांबायला सांगितलं होतं. पुढं भाऊजींना बरं वाटलं, घरी सोडलं, नळ्या निघाल्या. आणि एका दुपारी, कोणाला न सांगता, तोंडाला ओढणी बांधून नमू दारात उभी! मी बाजूला होऊन तिला आत घेतलं. बोलले असते तर फार बोलले असते. भाऊजींनी तिला बसवलं आणि स्वतः उठून चहा ठेवला. आम्हा दोघींना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. चहा पिता पिता तिनं विचारलं, "बाबा, तुमाले तिथं कधी काही खरं वाटलं का?"

"गाने चांगले हायेत," भाऊजी म्हणाले.

ती रडता रडता हसली. म्हणाली, "तुमी एकदा म्हना ना बाबा, सोड म्हनून. मी सोडते." म्हणा ना हो भाऊजी, म्हणा! आणि हा हट्टी माणूस काय म्हणतो, "मी म्हनलं म्हनून नको सोडू. तो म्हनते म्हनून नको राहू. तू पाह्य. नाई दिसलं तर पुन्हा पाह्य." तिनं मान हलवली. जाताना त्यांच्या पायाशी थोडा वेळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर घेऊन गेले... ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

मातीचं सांगायलाही शिसारी येते. शवपेटी देवळात न्यायची म्हणून आम्ही गेलो, तर फाटकाला दोन कुलपं. एका कमिटीची किल्ली आली, दुसरीची येईना. दुसरीचे सेक्रेटरी म्हणाले, आमच्या पाळकांनी प्रार्थना केली तरच उघडतो. पहिले म्हणाले, मग आमची किल्ली लागणार नाही. जून लागला होता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ज्या देवळात या माणसाचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, त्याच्या फाटकाबाहेर त्याची पेटी रस्त्यावर टेकवलेली. लोक वाद घालतात, कोणाला अधिकार कोणाला नाही. मी म्हटलं, उचला. सरळ कब्रस्तानात नेलं. प्रार्थना मी केली. बाईमाणसानं कशी केली म्हणून नंतर दोन्ही कमिट्यांनी नाक मुरडलं, तेवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत झालं. नमू कबरीजवळ उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना शेडच्या दोन बाया, पहारा दिल्यासारख्या.

दोन रविवार गेले आणि नमूचा फोन आला. तिकडं बाबांसाठी स्मरणसभा ठेवली आहे म्हणे. "मावशी, तू चाल. माह्यानं एकटीनं जावत नाही." त्या शेडात पाय ठेवणार नाही, अशी मी शपथ घेतली होती. ती मोडली.

दिवे, ढोल, सुगंध, सगळं वर्णन ऐकलं होतं तसंच. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर भाऊजींचा तो व्हिडिओतला, मान खाली घातलेला फोटो मोठा करून लावलेला. मग प्रेषित उठला. डोळे मिटून, आवाज कापवून सांगायला लागला, की आपल्या भावाच्या शेवटच्या घटकेला प्रभूनं मला आत्म्यात तिथं नेलं. मी त्याच्या पलंगाशी उभा होतो. दवाखान्याचा पलंग, नाकात नळ्या, यंत्राचा आवाज. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, डॅडी, मुझे माफ कर दो... आणि प्राण सोडला.

शेडभर आमेन झालं. बाया रडायला लागल्या. दवाखान्याचा पलंग! त्या माणसाच्या नाकातल्या नळ्या केव्हाच निघाल्या होत्या. ग्रुपवर टाकलेली जुनी खबर घेऊन हा उभा होता, आणि नाव देवाचं. भाऊजी घरी आले होते, एवढी साधी गोष्ट त्याच्या देवाला कोणी कळवली नव्हती. मी नमूकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, डोळे कोरडे. मग ती उभी राहिली. मला वाटलं, आता ही जाऊन त्याच्या पाया पडते.

"बाबा घरी गेले," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगांनी ऐकला. "खुर्चीवर. आदल्या दिवशी मी गेली होती. त्यायच्या हातची चाय पेली मी."

ढोल थांबला. प्रेषितानं डोळे उघडले. आधी हसला, मग म्हणाला, "बेटी, तुम तो उस वक्त वहाँ नहीं थीं. किसने बताया तुम्हें?"

"माह्या मावशीनं."

सगळ्या माना माझ्याकडे. मी उभी राहिले. म्हटलं, "मी पाह्यलं. नळी-फळी काही नव्हती. चष्मा होता अन् बोट ओळीवर होतं."

तो म्हणाला, आँखें धोखा देती हैं, आत्मा नहीं. वाजवणाऱ्यांना खूण केली, ढोल सुरू झाला, लोक हात वर करून गायला लागले. एवढ्या लोकांनी ऐकलं, आणि एकानंही विचारलं नाही, की अहो, मग खरं काय? त्या गाण्याचा मला इतका वीट आला, की कानात बोटं घातली. तेवढ्यात पाहते तर नमू शेजारी नाही. ती मधल्या वाटेनं मागं चालली होती. शेवटच्या रांगेत, भिंतीकडेला, जिथं कुलर घरघरत होता, तिथली खुर्ची रिकामी होती. पाणी उडतं म्हणून कोणी बसत नाही तिथं. ती जाऊन बसली. माइकवरून हाक आली, बेटी, आगे आओ, तुम्हारी जगह यहाँ है. ती उठली नाही. मी तिच्यामागं गेले, शेजारी बसले. माझ्या पदरावर बारीक पाणी उडायला लागलं.

ती समोर पाहत होती. मग वाकली, डावीकडे झाली, उजवीकडे झाली. आमच्यासमोर जिनिंगच्या काळातला जाडजूड लोखंडी खांब होता, छतापर्यंत गेलेला.

"मावशी," ती म्हणाली, "इथून स्टेज दिसतच नाही. तो बी दिसत नाही, पडदा बी नाही."

मी तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. खांबाच्या बाजूनं, सगळ्या डोक्यांच्या मधून एक अरुंद फट राहत होती, आणि तिच्या टोकाला पहिल्या रांगेतली एक खुर्ची, आत्ता रिकामी.

"फक्त माह्यी खुर्ची दिसते," नमू म्हणाली.